चौदाव्या पानावर काय होतं

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो.

होळी झाली की आमच्याकडे खाडीच्या बांधाला माती लावायचं काम निघतं. पेणच्या खालच्या अंगाला आमचं गाव, तीन बाजूंना खाडी. खारं पाणी भाताच्या शेतात शिरू नये म्हणून मातीचा उंच बांध घातलेला असतो, आणि तो राखायचा आम्हीच, घरटी एक माणूस. चिखलाची ढेप हातात घ्यायची आणि रांगेतल्या पुढच्याला द्यायची. मिसरूड फुटल्यापासून मी त्या रांगेत उभा राहिलेला माणूस. त्या दिवशी सातवी का आठवी ढेप हातात आली आणि मला श्वास मिळेना. ढेप खाली ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा.

शेजारचा म्हणाला, "काका, बसा जरा." मी बसलो नाही. खाडीकडे तोंड करून उभा राहिलो, मागच्यांना तोंड दिसू नये म्हणून.

हे मी कोणाची तक्रार म्हणून लिहीत नाही. दवाखान्यात ज्यांच्या हातात कागदांचा जाड गठ्ठा पडणार आहे आणि जे "कळलं" म्हणून मान हलवणार आहेत, त्यांच्यासाठी लिहितो. अक्षर माझं आहे. ऱ्हस्व-दीर्घ लेकीनं नीट केलं, बाकी कशाला तिला हात लावू दिलेला नाही.

पंप

महिनाभर कोणाला काही सांगितलं नाही. पायाला सूज आली ती चपलेनं उघडी पाडली, अंगठाच आत जाईना. आडवं झालं की छातीवर कोणी बसल्यासारखं व्हायचं, म्हणून भिंतीला टेकून बसून झोपायचो. माझी बायको यमुना बघत होती. मला काही बोलली नाही, गुपचूप लेकीला फोन केला.

लेक सुरेखा, रोह्याजवळच्या अष्टमी गावात दिली आहे. दुसऱ्या दिवशी ती एसटीनं आली आणि पाणीसुद्धा न घेता माझ्या पायावर बोट दाबलं. खड्डा पडला तो तसाच राहिला.

"बाबा, उठा."

"कुठं?"

"रोह्याला. आणि आता काय बोलू नका."

रोह्याच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी छातीवर थंडगार चीक लावून मशीन फिरवलं. मग खुर्ची माझ्याजवळ ओढून म्हणाले, "काका, हृदय म्हणजे पंप. तुमचा पंप निम्म्यानंसुद्धा चालत नाही."

शेतावरचा पंप मला माहीत आहे. वायसर गेला तर बदलायचा. वायसर मिळत नसेल तर पंप भंगारात. माझं यातलं कुठलं, एवढंच मला विचारायचं होतं. तोंडापर्यंत आलेलं. डॉक्टर म्हणाले, "कळलं ना?" मी म्हणालो, "कळलं."

हा शब्द पुढे मी इतक्या वेळा वापरला की त्यानंच माझा जीव गेला असता.

"आणि मीठ जवळजवळ बंद," ते म्हणाले. यमुना एकदम हसली. घाबरली की ती हसते. तरणेपणी मी बारा वर्षं मिठागरावर काढली आहेत. पायाच्या भेगांत मीठ घेऊन घरी येणारा माणूस मी, आणि आता मला मीठ बंद.

सहा दिवस ठेवून घेतलं. पहाटे चहाच्या आधी वजनाच्या काट्यावर उभं करायचे. प्यायचं पाणी एका बाटलीत, तिच्यावर पेनानं रेघ मारलेली. रेघेखाली गेलो की वॉर्डातल्या मावशी ओरडायच्या. लघवीसुद्धा मोजून लिहायचे. ज्याच्या हातून आख्ख्या मिठागराचं पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात गेलं, त्याचं पाणी आता दुसरं कोणी मोजत होतं. पण सूज उतरली. सहाव्या दिवशी चप्पल पायात गेली तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं. का ते सांगायला नको.

बावीस पानं

घरी सोडायच्या आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "तुमच्यासारख्या पेशंटसाठी एक नवी गोळी आली आहे. तिचा अभ्यास चालू आहे. मर्जी असेल तर भाग घ्या. सिस्टर सगळं सांगतील."

सिस्टर म्हणजे प्राची. त्या अभ्यासाचंच काम बघणारी पोरगी, सत्तावीस-अठ्ठावीसची. कागदांचा गठ्ठा घेऊन आली. बावीस पानं.

"आजोबा, वाचता येतं ना? नसेल तर मी वाचून दाखवते. बाहेरचा एक साक्षीदार पण बसवते, तसा नियमच आहे."

शेजारच्या खाटांवर माणसं होती. सगळी ऐकत होती.

"मी सही करतो," मी म्हणालो. "अंगठा नाय लावत."

"तसं नाही हो..."

"आण इकडं."

मी तिसरीपर्यंत शिकलो. एसटीची पाटी वाचतो, सातबाऱ्यावर आपलं नाव शोधतो, लग्नपत्रिका वाचतो. पण त्या गठ्ठ्यात मराठी असून मराठी नव्हती. एक वाक्य मी नंतर लेकीकडून उतरवून घेतलंय: "सदर अभ्यासातील सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून सहभागी व्यक्तीस कोणत्याही टप्प्यावर कोणतेही कारण न देता आपली संमती मागे घेण्याची मुभा राहील." हे एकदा वाचा आणि सांगा, यात तुमच्याआमच्यातलं कोण बोलतंय.

दोन दिवस अष्टमीला लेकीकडे होतो. खिडकीत बसून चष्मा लावला. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, तिसऱ्यावर गाडी रुतली. मग चहाचा एक घोट घ्यायचा आणि एक पान उलटायचं, असं चालू केलं.

यमुना जवळ येऊन बसली. "काय लिवलंय?"

"गोळीबद्दल हाय."

"आणि?"

"सगळं गोळीबद्दलच हाय."

सुरेखा आतून म्हणाली, "बाबा, मी वाचू का मोठ्यानं?"

"का? माझे डोळे गेले?"

ती गप्प झाली. तिचा आवाज बंद करायला मला कधीच वेळ लागला नाही. हे लिहिताना वाईट वाटतंय.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरांनी पुन्हा दहा मिनिटं समजावलं. मी मान हलवत होतो. सिस्टरनं विचारलं, "सगळं वाचलंत?" वाचलं. "काही प्रश्न?" नाय. ती जरा थांबली. तिला शंका आली होती, हे मला आज कळतं. पण मी पेन उचललं होतं. पूर्ण नाव, जोडाक्षरासकट, रेघेच्या बाहेर न जाता. सही झाल्यावर मी आजूबाजूला बघितलं, कोणी बघतंय का म्हणून.

रांग

आता मी सही केली म्हणजे माझ्या मते काय केलं, ते सांगतो. इथंच सगळी चूक आहे, आणि ती आमच्या खाडीकडचा माणूसच करू जाणे.

भादव्यातल्या उधाणाला कधीकधी बांध फुटतो. आम्ही म्हणतो खांड गेली. मग घरटी एक माणूस धावतो. खांडीत छातीएवढ्या पाण्यात माणसं खांद्याला खांदा लावून, हातात हात अडकवून उभी राहतात, पाण्याचा जोर अंगावर घेतात, आणि त्यांच्या पाठीमागं बाकीचे माती आणि पेंढा टाकून खांड बुजवतात. एकदा त्या रांगेत पाय रोवला की खांड भरेपर्यंत निघायचं नाही. एक जण निघाला तर पाणी तिथूनच घुसतं आणि सगळ्यांची शेतं खारी होतात. कोणी कोणाकडून लिहून घेत नाही. पाय रोवला म्हणजे शब्द दिला.

मी एकवीस वर्षांचा असताना अशीच खांड गेली. माझ्या डाव्या हाताला धर्मा होता, माझा चुलतभाऊ. मधेच त्यानं माझा हात सोडला आणि काही न बोलता पाण्यातून निघून गेला. पाणी तिथूनच आलं. तीन वर्षं आमच्या शेतात खाऱ्या गवताशिवाय काही उगवलं नाही. गावानं दोन वर्षं त्याच्याशी बोलणं टाकलं, मग विसरलं. मी विसरलो नाही. त्याचं घर माझ्यापासून चार घरं सोडून. दोघांच्या बायका मागच्या दारानं एकमेकींना मासळी देतात, आणि आम्ही दोघं पुढच्या दारानं तोंड फिरवतो. त्या दिवसापासून धर्मा डावा पाय ओढत चालतो. पायाला काय झालं ते मी कधी विचारलं नाही.

तर सही करताना मला वाटलं की मी रांगेत पाय रोवला. अभ्यास म्हणजे खांड. मी निघालो तर माझ्या जागेवरनं पाणी घुसणार, डॉक्टरांचं काम बुडणार, माझ्यासारख्या कितीतरी माणसांची गोळी बुडणार. आणि रांग सोडलेल्या माणसाला दवाखान्याचं दार कशाला उघडतील? डॉक्टर तोंड फिरवतील, मी धर्मापासून फिरवतो तसं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कागदावर तर उलटंच लिहिलं होतं. पण मी कागद कुठं वाचला होता?

वही

गोळीबरोबर एक लहान वही दिलेली. रोज संध्याकाळी त्यात खूण करायची: बरं वाटतंय, थोडा त्रास, जास्त त्रास. दर आठवड्याला सिस्टरचा फोन यायचा.

पहिला महिना ठीक गेला. मग एक दिवस सकाळी खाटेवरून उठलो आणि घरात अंधार झाला. सूर्य वर आलेला, दार उघडं, आणि मला काही दिसेना. खाटेची पाटी धरून दहा आकडे मोजले. उजेड परत आला.

"काय झालं?" यमुना चुलीपासून म्हणाली.

"काय नाय. दोरी शोधतोय."

"कसली दोरी?"

"काय गो, पोलिसात हाय काय तू?"

मग ते रोजचंच झालं. उठलो की अंधार. वाकून चप्पल घातली की अंधार. मी युक्त्या काढल्या. चालायचं ते भिंतीच्या कडेनं. उठायच्या आधी कोणाला तरी काही सांगायला बसायचं, म्हणजे उशीर का होतोय ते कळत नाही. आणि संध्याकाळी वहीत खूण: बरं वाटतंय. थोडा त्रास यावर खूण केली असती तरी चाललं असतं. पण मला वाटायचं, एकदा का त्रास लिहिला की ते मला रांगेतून काढणार, आणि गावात माझ्याबद्दल बोलणार की बालारामचा पाय निघाला.

फोन आला की सिस्टर विचारायची, "चक्कर वगैरे?"

"नाय."

"उठताना?"

"नाय गो बाय, टणटणीत हाय."

मी खोटारडा नाही. भाताच्या मापात मी कधी खोटं केलं नाही. पण शब्द राखायचा म्हणून दर आठवड्याला खोटं बोलत होतो, आणि त्यातला उलटेपणा माझ्या डोक्यात येत नव्हता.

यमुनाचं सगळं लक्ष होतं. एकदा जेवताना म्हणाली, "गोळी सोडा. मला ती बरोबर वाटत नाय."

"सोडता येत नाय."

"कोण बोललं?"

"सही केलीय."

"सही म्हणजे काय लग्न हाय?"

मी ताट सरकवलं. तिनं परत पुढं सरकवलं आणि स्वतःच्या ताटातला घास घेतला. बिनमिठाचा. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझं मीठ बंद झालं त्या दिवसापासून ती पण बिनमिठाचं खात होती. मला कोणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दोन चुली कशाला मांडू, म्हणाली, आणि ताटाकडे बघत बसली.

उघाडी

भादव्यातलं उधाण होतं, दुपारची वेळ. बांधात पावसाचं पाणी बाहेर सोडायला लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. भरती आली की ती बंद आहे ना हे बघावं लागतं, नाहीतर खाडी त्याच वाटेनं आत येते. बघायची पाळी आमच्या घराची होती. मुलगा विलास डोलवीला कंपनीत कंत्राटावर, त्याची दुपारची शिफ्ट. मी निघालो. यमुना मागोमाग आली. "मला पण पाय मोकळे करायचेत," म्हणाली. तिला पाय मोकळे करायचे नव्हते.

उघाडीवर एक फळी टाकलेली. एका अंगाला शेताचं पाणी, दुसऱ्या अंगाला खाडी, तांबडी, फुगलेली, फळीच्या वीतभर खाली. मी फळीवर वाकलो. दार बसलं होतं. बरं वाटलं. आणि सरळ झालो.

अंधार झाला. या वेळी दहा मोजले, पंधरा मोजले, उजेड आला नाही. पायाखाली फळी आहे की नाही ते कळेना. कानात खाडीचा आवाज मोठा होत गेला. मला स्पष्ट आठवतं, मी ओरडलो नाही. ओरडायला लाज वाटली.

मग गळ्याला फास बसला. यमुनानं मागून सदऱ्याची कॉलर धरली होती, दोन्ही हातांनी, आणि ती स्वतः चिखलात बसली होती, सगळं वजन टाकून. मी तिच्या अंगावर मागं पडलो. फळी खाडीत गेली.

बराच वेळ आम्ही दोघं तिथं चिखलात बसून होतो. तिला धाप लागली होती, मलाही. मग ती बोलली, हळू आवाजात:

"कवापासून?"

"आषाढापासून."

तिनं मला शिवी दिली. पन्नास वर्षांच्या संसारातली पहिली. ती इथं लिहीत नाही.

चौदावं पान

संध्याकाळी विलासनं गाडी केली आणि रोह्याला नेलं. रक्तदाब इतका खाली होता की सिस्टरनं दोनदा बघितला. डॉक्टर येऊन म्हणाले, गोळी आत्ता बंद. दुसरीही एक गोळी निम्मी केली. सलाईन लावलं नाही, पाय उंच करून निजवलं.

सकाळी प्राची सिस्टर वही घेऊन आली. सगळ्या पानांवर एकच खूण: बरं वाटतंय. ती स्टुलावर बसली. तिचे डोळे लाल होते.

"आजोबा, मी दर आठवड्याला विचारत होते."

"व्हय."

"मग का नाही सांगितलंत?"

"शब्द दिलेला मी."

"कसला शब्द?"

मग मी तिला खांडीचं सांगितलं. रांगेचं. एकदा उभं राहिलं की निघायचं नाही, याचं. धर्माचं नाव घेतलं नाही. ती ऐकत गेली तसा तिचा चेहरा उतरत गेला. गठ्ठा मांडीवर घेतला, पानं उलटली आणि वाचायला लागली, ते मघाचं वाक्य. मग थांबली, कागद खाली ठेवला आणि साध्या बोलीत म्हणाली, "याचा अर्थ, तुम्हाला कधीही सोडता येतं. आजसुद्धा. का सोडलं ते आम्ही विचारणार नाही. आणि डॉक्टर तुम्हाला पहिल्यासारखंच तपासतील."

"हे कुठं लिवलंय?"

"चौदाव्या पानावर."

खोलीत सुरेखा होती, यमुना होती, शेजारच्या खाटेवर एक माणूस होता. मी छताकडे बघितलं. आयुष्यात इतकं जड काही उचललेलं नाही.

"मी तिसऱ्या पानावर थांबलो," मी म्हणालो. "पुढं वाचताच आलं नाय."

कोणी हसलं नाही. सुरेखानं नुसता माझा पाय दाबला, सूज बघायला दाबतात तसा. पण सूज नव्हती.

तिथं मला अजून एक गोष्ट कळली. अभ्यासातल्या निम्म्या माणसांना नवी गोळी देतात आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी, त्यांच्या नेहमीच्या औषधांबरोबर. कोणाला कुठली, हे डॉक्टरांनाही माहीत नसतं. मी उठून बसलो. "म्हणजे मला फसवलं?" सिस्टर गोंधळली, तीन तऱ्हेनं सांगत बसली. शेवटी मीच म्हणालो, "थांब. नवं बियाणं आलं की आम्ही एका वाफ्यात नवं लावतो आणि शेजारच्यात जुनं. पाणी तेच, माती तीच. नायतर पीक बियाण्यानं आलं की पावसानं, ते कळणार कसं? तसंच ना?"

तिनं पेन काढलं. "आजोबा, हे मी लिहून घेऊ का?"

मी अभ्यास सोडला. माझी गोळी कुठली होती ते मला अजून माहीत नाही, अभ्यास संपल्यावर सांगतील. डॉक्टर मला पहिल्यासारखंच तपासतात. एकदा रागावले, तेही खिचडीबरोबर पापड खाल्ला म्हणून.

साधा कागद

पुढं दोन महिने मी तपासणीला गेलो की सिस्टर मला अर्धा तास बसवून घ्यायची. मोठ्या गठ्ठ्यासोबत द्यायला तिला एक लहान कागद करायचा होता, आपल्या बोलीतला. ती लिहायची, मोठ्यानं वाचायची, आणि मी अडकलो की तिथं रेघ मारायची. "ऐच्छिक" गेलं. "सहभागी व्यक्ती" गेली, "तुम्ही" आलं. एक वाक्य तिनं असं लिहिलं: "ही गोळी लागू पडते की नाही, हे आम्हालाही अजून माहीत नाही. तेच बघायला हा अभ्यास आहे." डॉक्टरला माहीत नाही, असं कागदावर लिहिलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. राग यायला हवा होता. उलट बरं वाटलं.

भांडणं पण झाली. सोडून जायचं कुठं लिहावं यावरून जास्त.

"आजोबा, आधी अभ्यास काय आहे ते सांगायचं असतं."

"दार कुठं हाय ते आधी सांग. मग माणूस आत निवांत बसतो."

"पण पद्धत अशी आहे की..."

"तुझ्या पद्धतीनं मी खाडीत जात होतो."

ते वाक्य पहिल्या पानावर आलं, वरून तिसरं.

आणि "कळलं का?" हे विचारणं मी बंद करायला लावलं. मिठागरावर आमचा मुकादम नव्या माणसाला कुठल्या वाफ्याचं पाणी आधी सोडायचं ते सांगायचा, आणि मग म्हणायचा, "आता तू बोल." माणूस बरोबर बोलला तरच त्याच्या हातात फावडं. कळलं का विचारलं तर सगळेच व्हय म्हणतात. मी नाही का म्हणालो?

असा कागद आपल्या मनानं देता येत नाही, वरच्या समितीला बघावा लागतो. समितीनं दोनदा परत पाठवला. संक्रांत झाल्यावर मान्य होऊन आला.

मी त्या दिवशी तपासणीला गेलो होतो. नवा कागद पहिल्यांदा ऐकायला खांब गावाकडची एक बाई आली होती, माझ्याच वयाची, भात आणि वाल करणारी. पदर घट्ट, पाठ ताठ. सिस्टरनं तिला विचारून मला कोपऱ्यात बसू दिलं. वाचताना बाई सारखी मान हलवत होती. "कळलं, कळलं." तो आवाज मी ओळखत होतो.

वाचून झाल्यावर सिस्टर म्हणाली, "मावशी, आता तुम्ही मला सांगा. मधेच नको वाटलं तर काय करायचं?"

बाई म्हणाली, "नको कसं वाटंल? एकदा हो बोलले म्हणजे बोलले."

सिस्टरनं कागद परत उचलला. मला राहवलं नाही. "बाय," मी म्हणालो, "तुमच्याकडं एकमेकींच्या शेतात लावणीला जाता ना?"

"जातो की."

"अर्ध्या दुपारी एकीची कंबर भरली तर?"

"तर घरी जाती. तिला काय मारून टाकायचं हाय?"

"का चाललीस, म्हणून विचारता?"

"कशाला विचारायचं? दुखतंय तिला, ती जाणार." आणि मग तिच्या तोंडावर काहीतरी बदललं. ती सिस्टरकडे वळली. "असं हाय काय हे? मग मी आज हो बोलत नाय. आधी घरी जाऊन विचार करते."

ती सही न करता गेली. मला वाटलं, सिस्टरचं काम बुडालं. पण ती खुशीत होती. "आजोबा, कागद चालला," म्हणाली.

मी मात्र एसटीत गप्प बसून होतो. बरोबर आलेल्या यमुनानं दोनदा विचारलं, चक्कर येते का. नव्हती येत. ती बाई एका दमात बोलून गेली होती, "दुखतंय तिला, ती जाणार." मी पन्नास वर्षं एका माणसाला हे बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळ्या घेतल्या, वजन केलं, ते घरच्या वहीत लिहिलं. मग चप्पल घालून चार घरं चालत गेलो. धर्मा ओट्यावर चटईवर बसून जाळं नीट करत होता. मला बघून त्याचे हात थांबले.

"काय काम हाय?"

"काम नाय." वाटेत जुळवलेलं सगळं विसरलो होतो. "तू गेलास ते गेलास. का, ते विचारायला आलो नाय."

त्यानं जाळं बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "पन्नास वर्षं लागली तुला चार घरं चालायला."

"पंप कमजोर हाय."

त्यानं डावा पाय हातानं उचलून बाजूला घेतला, चटईवर जागा केली आणि घरात बघून ओरडला, "दोन चाय आण गो." मग मला म्हणाला, "बस. चायमधी मीठ नसतं."

मी बसलो. त्याच्या उजव्या हाताला, त्या दिवशी रांगेत होतो तसाच.